बाबांच्या दारावरची पट्टी

माझे बाबा पहाटे उठून साखर खातात हे मी पहिल्यांदा स्वप्नात पाहिलं. लांबच लांब खोली, छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पोती, आणि मधल्या वाटेनं बाबा अनवाणी चाललेले. एका पोत्याचं तोंड सोडून त्यांनी मूठ भरली, मागे वळून मला पाहिलं आणि हसले. जाग आली तेव्हा खिडकीच्या काचेवर दुधी उजेड आला होता आणि शेजारच्या खोलीत बाबा खोकत होते. स्वप्न ते स्वप्नच. पण त्यातून आलेला राग मात्र अगदी खरा होता, आणि तो तसाच घेऊन मी त्यांच्या बोटाला सुई टोचायला गेले.

छोट्या मशीननं थेंब चाखला, क्षणभर विचार केला आणि एकशे शहाण्णव दाखवले. झोपताना एकशे अडतीस होते. मी मशीन बाबांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि मधल्या वेळात काय खाल्लंत, असं विचारलं. काही नाही, असं ते म्हणाले. मग साखर काय हवेतून आली, असं मी म्हटलं. बाबांनी टोचलेलं बोट अंगठ्यानं दाबून धरलं आणि समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. उत्तर द्यायचं नसलं की ते त्या टाकीकडे बघतात.

असं तीन आठवडे चाललं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सकाळचे आकडे पाहून, रात्री काही तोंडात टाकता का, असं सहज विचारलं होतं. बाबा नाही म्हणाले आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बस्, तेवढं पुरलं. घरी आल्या आल्या मी साखरेच्या बरणीवर पेन्सिलीनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी साखर रेघेला टेकलेली होती, तिसऱ्या दिवशीही. एखाद्या शहाण्या माणसानं यावरून बाबांना निर्दोष सोडलं असतं. मी ठरवलं की त्यांनी दुसरीकडे कुठेतरी साठा केलाय. डब्यातली बिस्किटं मोजली. अकरा होती, अकराच राहिली. त्याचा मला आणखी राग आला. माणूस इतका सफाईदार असेल तर त्याला पकडायचं तरी कसं?

बाबा चौतीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, पट्टे, बेअरिंगं, ग्रीसचे डबे. चिठ्ठी आल्याशिवाय ते साधा वॉशर सोडत नसत, मग समोर साक्षात साहेब उभे असोत. संध्याकाळी स्टोअर बंद केलं की कुलपाच्या वर, दोन्ही दारांवर मिळून एक कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीवर बाबांची सही, आणखी एकाची सही, खाली तारीख. सकाळी आधी पट्टी पाहायची, मग कुलपाला हात लावायचा. कुलपाची किल्ली कुणीही करून घेईल, असं बाबा म्हणायचे, पण फाटलेली पट्टी ब्रह्मदेवालाही जोडता यायची नाही.

मी शाळेत होते तेव्हा एकदा पितळी व्हॉल्व्हचा एक खोका सापडेना. साहेबांनी बाबांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि मोजणी होईपर्यंत त्यांना फाटकाबाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. पाच दिवस बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर गेले, बाकावर बसले आणि वेळेवर घरी आले. पाचव्या दिवशी खोका दुसऱ्याच विभागात सापडला. शिपायानं किल्ल्यांचा जुडगा आणून बाबांच्या हातात दिला आणि ते कामाला लागले. आई होती तेव्हा ही गोष्ट ती शेवट गोड झाल्याच्या सुरात सांगायची. बाबा ती कधीच सांगत नसत. याचं कारण मी कधी विचारलं नाही.

आता माझ्या कामाबद्दल, कारण माझी लाज तिथेच आहे. मी एका प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी सांभाळते. त्यांना गुलाबी पाण्यात वाढवायचं, वेळेवर जेवू घालायचं, सांगितलं की उपाशी ठेवायचं, आणि त्यांचे फोटो काढायचे. अकरा वर्षं हेच करतेय. संशोधन आमच्या बाई करतात, प्रयोगशाळा त्यांची. माझे फक्त हात.

आम्ही बघतो ते असं. माणूस उपाशी असला तरी मेंदूला साखर लागतेच, म्हणून यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, आणि साठा आटला की नवी तयार करतं. ती करायची कृती प्रत्येक पेशीच्या केंद्रकात लिहिलेली असते, आणि एक प्रथिन त्या पानापाशी ठाण मांडून कृती वाचून दाखवत असतं. मग माणूस जेवतो, आणि रक्तात इन्सुलिन येतं. इन्सुलिन पेशीच्या आत शिरत नाही. ते दारावर थाप मारतं. आतली मंडळी निरोप हातोहात पुढे नेतात, आणि शेवटी कुणीतरी त्या वाचणाऱ्याच्या अंगावर खूण चिकटवून त्याला केंद्रकाबाहेर काढतं. पान मिटतं, साखर बनायची थांबते. त्याच निरोपानं दुसरी पानं उघडतात, आलेली साखर नीट ठेवून देण्याची.

आमच्या पेशींमध्ये त्या पहिल्या पानाला काजव्याच्या उजेडाचा जीन जोडलेला आहे. पान उघडं असलं की पेशी उजळते, मिटलं की मालवते. उजेड इतका मंद असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डिश काळोख्या पेटीत ठेवायची, पेटीतला कॅमेरा कितीतरी वेळ टक लावून बघतो, आणि मग बाहेरच्या पडद्यावर निळसर ठिपके उमलू लागतात. रात्रभर इन्सुलिनशिवाय राहिलेल्या पेशी सकाळी सगळ्यात जास्त उजळतात. मी इन्सुलिनचा थेंब सोडते आणि खुर्चीत रेलून बघत बसते. तास-दोन तासांत ठिपके एकेक करून विझत जातात, लांबच्या गावातली माणसं जेवून दिवे मालवतात तसे. खोलीत पंखा एका सुरात घुमत असतो. माझा डोळा लागतो की मी जागी असते ते मलाही सांगता येत नाही. कधी मी त्या गावातून चालत असते, कधी तिथल्या गल्ल्यांना फळ्या फुटतात आणि ते बाबांचं स्टोअर होतं. या कामाचा पगार मिळतो याचं मला अजून नवल वाटतं.

तर त्या स्वप्नाच्या दिवशी कामावरून येताना मी कुलूप आणलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाला लावलं. किल्ली साखळीत घालून गळ्यात अडकवली. बाबा येऊन बघून गेले. थोड्या वेळानं स्क्रू ड्रायव्हर घेऊन परत आले. कुलूप चांगलं आहे, पण कोयंडा ढिला बसवलास, असं म्हणून त्यांनी चारही स्क्रू आवळले, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि आपल्या खोलीत गेले. मी कांदा चिरत होते. डोळ्यांत पाणी आलं त्याचं खापर कांद्यावर फोडलं.

दुसऱ्या सकाळी दोनशे एक. त्या संध्याकाळी बाबांनी भूक नाही म्हणून ताट बाजूला सारलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. भूक नाही म्हणजे पोट कशानं तरी भरलेलं आहे, एवढा सरळ हिशेब मी केला. तिसऱ्या सकाळी दोनशे बारा आले आणि माझा तोल गेला.

"बाबा, खोटं बोलू नका," मी म्हणाले. "या वयात शोभत नाही."

बाबांनी या वेळी टाकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी मी जेवून उठले तेव्हा ते हातात कागदाची पट्टी, डिंकाची बाटली आणि पेन घेऊन उभे होते. पट्टी त्यांनी फूटपट्टीनं आखून कापली असणार, इतकी सरळ होती.

"माझी खोली सील कर," ते म्हणाले.

वेड्यासारखं बोलू नका, असं मी म्हटलं. त्यांनी मला कामाची पद्धत समजावून सांगितली, चौतीस वर्षांत नव्या माणसाला सांगत आले असतील तशी. आधी आतला माल तपासायचा, तपासल्याशिवाय सील करत नाहीत. मग दार लावायचं, पट्टी दार आणि चौकट दोन्हींवर येईल अशी चिकटवायची, सही करायची. न्हाणीघर खोलीतच आहे, तेव्हा बाहेर येण्याचं कारण नाही. जीव घाबरा झाला तर ते दार उघडतील, कागदच आहे, फाटेल. पण फाटला की सकाळी दिसेल.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी खोली तपासली. गादी उचलली, बुटांत हात घातला, पुस्तकांच्या मागे पाहिलं, ट्रंक उपसली. ट्रंकेत आईचा स्वेटर होता, त्याचे खिसेसुद्धा चाचपले. बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि मी एखादा कोपरा विसरले तर बोटानं दाखवत होते. मग ते आत गेले, मी दार लावलं, पट्टी चिकटवली आणि सही केली. आतून त्यांनी विचारलं की तारीख घातलीस का. मी तारीख घातली.

सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. मी ब्लेडनं ती मधोमध कापली आणि आत गेले. बाबा पलंगावर बसून होते, बोट पुढे करून. दोनशे अठरा.

मी दुसरं बोट टोचलं. दोनशे सोळा. मशीन बिघडलं असेल म्हणून माझं बोट टोचलं. ब्याण्णव.

"पट्टी पाहिलीस?" बाबांनी विचारलं.

"पाहिली."

"शाबूत होती?"

"होती."

ते थांबले. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले होते हे मला तेव्हाही कळलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू. पण मला कामाला उशीर होत होता, आणि कुठेतरी अजूनही वाटत होतं की यात काहीतरी मेख आहे आणि ती मला सापडलेली नाही. मी मशीन डबीत ठेवलं आणि निघाले.

त्या दिवशी पेटीत दोन डिश होत्या. डावीकडच्या पेशी आमच्या नेहमीच्या. उजवीकडच्या पेशी बाईंनी दहा दिवस वेगळ्या ठेवल्या होत्या, चरबी मिसळलेल्या पाण्यात, सारखं इन्सुलिन पाजून, नुसत्या लाडात. दोघींनाही मी रात्रभर उपाशी ठेवलं होतं. सकाळी दोन्ही गावं पडद्यावर लखलखत होती. मी दोन्हीकडे इन्सुलिनचा सारखाच थेंब सोडला आणि रेलून बसले. पंखा घुमत होता. डावं गाव हळूहळू जेवलं, दिवे मालवून झोपी गेलं. उजवं गाव जागंच होतं. एकही दिवा विझेना. माझ्या डोळ्यांवर झापड येत होती आणि प्रत्येक वेळी डोळे उघडले की ते सगळे दिवे तसेच, माझ्याकडे बघत असलेले.

बाई माझ्या मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी विचारलं की उजवीकडे थेंब टाकलात ना नक्की.

मला झोंबलं. अकरा वर्षांत मी एकही डिश चुकवली नव्हती. थेंब टाकलाय, वहीत वेळ लिहिलीय, सही आहे, असं मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. माझे कान तापले होते. एका प्रश्नानं माझी ही गत झाली.

"अहो, तुमच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे," बाई म्हणाल्या. "फक्त विचारलं. थेंब पोचलाय. या पेशींनाच ऐकू येत नाहीये. दारावर थाप पडतेय आणि आत सगळे समजतायत की अजून उपासच चाललाय. म्हणून साखर बनवत सुटल्यात, बिचाऱ्या."

मग त्या सवयीनं पुढे बोलत राहिल्या. मधुमेहात असंच होतं, माणूस झोपलेला असतो, पोटात काही नसतं, आणि पहाटे पहाटे यकृत आपलं साखर ओतत असतं. त्यात रात्रीचं जेवण सोडलं तर काही जणांचं यकृत आणखीच जोरात कामाला लागतं. सकाळचा आकडा रात्रीच्या खाण्याचा नसतोच कित्येकदा. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर रोज बघता, असं म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या.

रोज बघते. उपाशी ठेवलं की उजेड वाढतो, हे वाक्य मी अकरा वर्षं वहीत लिहीत आलेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या खुर्चीखालीच होता. पडद्यावरचं गाव मिणमिणत राहिलं आणि त्यातल्या प्रत्येक खिडकीत मला बाबा दिसले, पलंगावर बसलेले, बोट पुढे करून. ते दोन दिवस उपाशी झोपले होते, मला पटावं म्हणून. आणि जितके उपाशी राहिले तितका आकडा चढला, आणि जितका आकडा चढला तितकी मी त्यांना चोर म्हणत गेले. मला त्या काळोख्या खोलीत बसून रडू आलं, आणि या वेळी कांदाही नव्हता.

अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी घरी आले. आमच्या मजल्यावर, दाराबाहेर, चपला काढायला ठेवलेलं एक बुटकं बाक आहे. बाबा त्यावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत उकडतं म्हणून बसलो, असं म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. दारावरची थाप, हातोहात जाणारा निरोप, पानावरचा वाचणारा आणि त्याला बाहेर काढणारी खूण. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. खूण म्हणजे शिक्का का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाले, "म्हणजे स्टोअरकीपर आत माल सोडत बसलाय, आणि 'बंद कर' ही चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोचतच नाही."

"हो."

"मग त्याचा काय दोष?"

"काहीच नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. यावर औषध आहे का, असं विचारलं. आहे, मी म्हणाले, यकृताला आवरणारी गोळी असते, तुम्हाला कुठली चालेल ते उद्या डॉक्टरांना विचारू. तोवर जेवण सोडायचं नाही. मग गळ्यातली साखळी काढली, आत जाऊन कपाटाचं कुलूप उघडलं, परत आले आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मला वाटलं, झालं. मला खरंच तसं वाटलं.

बाबांनी किल्ली तळहातावर घेतली. उलटी केली, सुलटी केली.

"किल्ली त्यांनीही आणून दिली होती," ते म्हणाले.

जिन्यातून खालच्या कुणाच्या तरी नळाचा आवाज येत होता. मी त्या बाकावर बसले होते आणि माझ्या शेजारी पाच दिवस बसलेला माणूस होता, आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. साहेबांनी नाही, आईनं नाही, मी नाही. सगळ्यांनी किल्लीच तेवढी दिली.

"मी चुकले, बाबा," मी म्हणाले. "तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला खोटं पाडलं. पट्टी शाबूत होती, तेव्हाच मी हे बोलायला हवं होतं."

बाबांचा खालचा ओठ जरा हलला. मी आत गेले. त्यांच्या चौकटीवर पट्टीचा अर्धा तुकडा अजून चिकटलेला होता, दारावर दुसरा अर्धा. मी कालच्या कागदातून नवी पट्टी कापली. माझी तिरकी आली. तिच्यावर लिहिलं: तपासलं. काहीही कमी नाही. संशय खोटा होता. खाली सही केली आणि ती त्यांच्या दारावर, मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी चिकटवली. मग त्यांना हाक मारली.

बाबा आले. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पट्टी वाचली. पुन्हा वाचली. कडेनं सुटलेला एक कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला आणि अंगठा बराच वेळ तिथेच ठेवला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

मग त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"तारीख राहिली," ते म्हणाले.